डोळे सरकतात, उडी मारत नाहीत: मंद सॅकेड आणि त्यामागचे दुर्मिळ आजार

अक्षिगोलक | सोमवार, रात्री ९.१०

चालताना तोल जातो म्हणून तिशीतला माणूस दाखवायला येतो. जीभ जड झालेली, पेला उचलताना हात थरथरतो, रात्री पोटऱ्यांत पेटके येतात. वडिलांना हेच होतं, आत्यालाही. एवढं ऐकलं की सगळ्यांना एमआरआयची घाई होते. त्याआधी त्याला फक्त दाराकडून खिडकीकडे बघायला सांगा. तो पापण्या मिटतो, मान झटकन वळवतो, आणि डोळे मागाहून येतात. हनुवटी धरून मान रोखली तर डोळे जातात, अगदी कोपऱ्यापर्यंत जातात, पण जाताना दिसतात. निरोगी माणसाचे डोळे जाताना दिसत नाहीत. ते इथे असतात आणि मग तिथे असतात.

नजरेच्या या उडीला सॅकेड म्हणतात. ती मंदावणं हे लक्षण दुर्मिळ आहे, पण दिसलं तर आजाराचा शोध मेंदूच्या फार छोट्या जागेवर येऊन थांबतो. आणि यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९७१ साली डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांची माहिती छापली: पिढ्यानपिढ्या चालत आलेला तोल जाण्याचा आजार, आणि त्याच्या जोडीला डोळ्यांची मंद हालचाल. आनुवंशिक अ‍ॅटॅक्सिया म्हणजे तेव्हा अनेक आजारांचं एकच गाठोडं होतं. त्यातून एक आजार त्यांनी केवळ डोळ्यांकडे बघून वेगळा काढला. जनुक सापडायला १९९६ उजाडलं. आज त्या आजाराला एससीए२ (स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया, प्रकार २) म्हणतात, जनुकाचं नाव एटीएक्सएन२, जागा १२व्या गुणसूत्रावर. क्यूबातल्या ओल्गिन प्रांतात हा आजार जगात सर्वांत जास्त आढळतो, त्यामुळे हल्ली त्याचं नाव निघालं की क्यूबाचं नाव निघतं. मुंबईतली ही कुटुंबं आपल्याच विद्यार्थ्यांना कमी सांगितली जातात, याचं वाईट वाटतं.

जाता जाता: त्याच १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ होती, रक्त उतरल्यासारखे लालभडक डोळे. डोळे बरे झाल्यावर काही रुग्णांना पोलिओसारखा लुळेपणा आला, काहींचा चेहरा वाकडा झाला. डोळ्यांची साथ आणि हा लुळेपणा यांचा संबंध दाखवणाऱ्यांतही डॉ. वाडिया होते. कारण एंटेरोव्हायरस ७०.

मूळ मुद्द्याकडे. बुबुळ हलवणं म्हणजे घट्ट चरबीत रुतलेला गोळा फिरवणं. झटक्यात फिरवायचा तर सुरुवातीला जोरदार धक्का लागतो. हा धक्का देणाऱ्या पेशी म्हणजे बर्स्ट न्यूरॉन. एरवी गप्प असतात, उडीच्या क्षणी सेकंदाला हजारच्या आसपास संदेश सोडतात. आडव्या उडीच्या पेशी पॉन्समध्ये (मेंदूच्या देठाचा मधला भाग), पीपीआरएफ या जागी. उभ्या उडीच्या मध्यमेंदूत, आरआयएमएलएफमध्ये. डोळा पोचल्यावर तिथे धरून ठेवण्याचं काम दुसऱ्याच पेशींचं. एससीए२ मध्ये धक्का कमजोर होतो, धरून ठेवणं शाबूत राहतं. म्हणून डोळा पोचतो, पण रमतगमत.

इथे डोळ्यांचे, मेंदूचे, जनरल प्रॅक्टिसचे बरेच जण आहेत. मंद सॅकेड आणि त्यांच्याशी गल्लत होणारे आजार, दोन्हींवर लिहा. रुग्णाची ओळख पटेल असं काही नको.

---

सांजवात | सोमवार, रात्री ९.५५

उत्तम विषय. डोळ्यासमोर बोट फिरवून 'हालचाली पूर्ण आहेत' असं लिहायचं, एवढंच बहुतेक ठिकाणी शिकवतात. त्यात हे दिसेल का? यंत्राशिवाय नेमकं कसं तपासायचं, पायऱ्या सांगाल का?

---

अक्षिगोलक | सोमवार, रात्री १०.४०

@सांजवात, त्यात दिसणार नाही, आणि चूक होते ती तिथेच. फिरत्या बोटाच्या मागे जाणारी नजर म्हणजे पर्सूट, तिची वाट वेगळी. एससीए२ मध्ये सुरुवातीला ती बऱ्यापैकी चांगली असते, म्हणून फाइलमध्ये 'नॉर्मल' पडतं.

सॅकेडसाठी दोन स्थिर खुणा हव्यात. रुग्णासमोर अर्ध्या मीटरवर बसा. एक खूण मधोमध, तुमच्या नाकाचं टोक चालेल. दुसरी, पेनचं लाल टोपण, बाजूला साधारण १८ सेंटिमीटरवर. या अंतरावर तो कोन २० अंशांचा होतो. त्याहून फार लांब नेऊ नका. ३० अंशांपलीकडे निरोगी डोळाही थोडा थरथरतो आणि उगाच शंका येते. दुसऱ्या हाताने हनुवटी धरा, नाहीतर मान कधी वळली ते कळत नाही. मग 'नाक', 'पेन', 'नाक', 'पेन' असं म्हणत राहा, पण एका लयीत नको, कारण लय कळली की रुग्ण आधीच उडी मारतो. प्रत्येक दिशेला निदान दहा उड्या बघा. नंतर वर, मग खाली. खाली बघताना वरच्या पापण्या अंगठ्याने उचलून धराव्या लागतात, नाहीतर बुबुळ झाकलं जातं आणि तपासणी झाल्याचं फक्त समाधान मिळतं.

चार गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. सांगितल्यावर डोळा निघायला किती उशीर लागतो, निघाल्यावर वेग किती, एका उडीत पोचतो की तुकड्यातुकड्यांत, आणि दोन्ही डोळे बरोबर जातात का. या चार तक्रारी चार वेगळ्या जागांच्या आहेत. उशिरा निघून वेगात जाणारा डोळा मंद नसतो, त्याची अडचण मेंदूच्या कपाळाकडच्या (फ्रंटल) किंवा त्यामागच्या परायटल भागात असते. आखूड उड्या पुन्हा पुन्हा घेणारा डोळाही मंद नसतो, तिथे बहुधा लहान मेंदू किंवा पार्किन्सन्स. दोहोंपैकी एकच डोळा मागे रेंगाळत असेल, तोही फक्त नाकाकडे येताना, तर ते इंटरन्यूक्लिअर ऑफ्थॅल्मोप्लेजिया, म्हणजे दोन्ही डोळ्यांना जोडणाऱ्या मेंदूतल्या तारेचा बिघाड. त्याचा सौम्य प्रकार पर्सूटमध्ये अजिबात कळत नाही, उडीत लगेच उघडा पडतो.

हात हलवत पेन नेऊ नका. खूण सरकली की नजर तिच्या मागे जाते आणि पुन्हा पर्सूटच तपासलं जातं.

---

फ्रेम_दर_फ्रेम | मंगळवार, सकाळी ७.२०

वरच्या तपासणीला मोबाइलची जोड द्या. २० अंशांच्या उडीला निरोगी डोळ्याला किती वेळ लागतो याचा ठोकताळा सोपा आहे: अंशांना २.२ ने गुणा, २१ मिळवा, उत्तर मिलिसेकंदांत. म्हणजे ६५. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. निरोगी उडी दोन फ्रेममध्ये आटोपते, म्हणून त्यात काही मोजता येत नाही. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम लावल्या तर तीच उडी १५-१६ फ्रेम घेते. मंद सॅकेडमध्ये ४०-५० फ्रेम सहज लागतात. बोटाने एकेक फ्रेम पुढे सरकवून मोजा.

फोन स्टँडवर हवा, हातात नको. उजेड भरपूर हवा आणि तोही बाजूने. ट्यूबलाइटखाली स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकीजवळ सकाळी घ्या. चेहरा पूर्ण येऊ देऊ नका, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतच. ओळख झाकली जाते आणि बुबुळं मोठी दिसतात.

---

राखाडी_गाभा | मंगळवार, दुपारी १.०५

मंद सॅकेड दिसले की एससीए२ म्हणून मोकळं होऊ नका. आधी दोन प्रश्न: आडव्या मंद आहेत की उभ्या, आणि हे केव्हापासून?

उभ्या आधी मंदावल्या, वय साठीच्या आसपास, आणि माणूस पहिल्याच वर्षात मागच्या मागे पडायला लागला, तर पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी). १९६४ मध्ये स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी वर्णन केलेला आजार. यात वरून खाली बघायला सांगितलं की डोळे सरळ उतरत नाहीत, बाजूने कमान घेऊन उतरतात. सरळ समोर बघत असतानाही बारीक आडवे झटके दिसतात. घरचे सांगतात ते असं: जिना उतरताना पायरी चुकते, ताटातलं अंगावर सांडतं, टक लावून बघतात. पण मान हळूच मागे झुकवली की डोळे खाली उतरतात. म्हणजे स्नायू, नस आणि मेंदूतला तिचा गाभा ठीक, वरून येणारा हुकूम बंद. ही बाहुलीच्या डोळ्यांची परीक्षा न करता 'नजर बंद' असं लिहिणं अपुरं आहे.

विशी-तिशीत उभ्या उड्या गेल्या आणि सोबत अभ्यासात घसरण, मोठी झालेली प्लीहा, हसताना अंगातला जोर जाऊन खाली बसणं असं काही असेल, तर नीमन-पिक सी, पेशींत चरबी साठण्याचा आनुवंशिक आजार. यावर मिग्लुस्टॅट हे औषध आहे, म्हणून हा चुकवायचा नाही. मध्यमवयात सांधेदुखी, जुलाब, वजन उतरणं आणि डोळे जबड्याच्या लयीत सेकंदाला एकदा आत-बाहेर होत असतील, तर व्हिपल, हा जंतुसंसर्ग. दुर्मिळात दुर्मिळ, पण ही जबडा-डोळ्यांची लय दुसऱ्या कुठल्या आजारात मिळत नाही, आणि उपचार प्रतिजैविकांचा आहे: दोन आठवडे शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन रोज २ ग्रॅम, मग वर्षभर कोट्रायमॉक्झॅझोल.

आणखी एक, जे फार कमी जणांना ठाऊक असतं. हृदयाच्या, विशेषतः महाधमनीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येतो, हातपाय ठीक, पण उड्या गेलेल्या. आडव्या, उभ्या किंवा दोन्ही. एमआरआय पुष्कळदा स्वच्छ. वाचता येत नाही म्हणून त्याला चष्म्याच्या दुकानात पाठवतात. प्रत्यक्षात धक्का देणाऱ्या पेशींना इजा झालेली असते.

आणि सगळ्यांत आधी औषधांची चिठ्ठी बघा. क्लोनाझेपाम, डायझेपाम चालू असेल किंवा माणूस पेंगुळलेला असेल तर उड्या मंदच दिसतात. गोळ्या उतरल्यावर सकाळी पुन्हा तपासा.

---

चष्माघर | मंगळवार, दुपारी ३.३०

पीएसपीवर आमच्या बाजूचं थोडं. या रुग्णांना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल देऊ नका. वाचायचा भाग काचेच्या खालच्या अर्ध्यात असतो आणि त्यांची नजर तिथे उतरतच नाही. 'नवा चष्मा जमत नाही' म्हणून ते तीनदा परत येतात, तीनदा नंबर तपासला जातो, आणि नंबर बरोबरच असतो. वाचायचा चष्मा वेगळा द्या, पूर्ण काच एकाच नंबरची. त्यात दोन्ही डोळ्यांना बेस-डाउन (जाड कड खाली असलेलं) प्रिझम घातलं तर समोरचं चित्र वर सरकतं आणि नजर खाली न्यावी लागत नाही. पुस्तक मांडीवर नको, तिरप्या स्टँडवर डोळ्यांच्या रेषेत. ताट टेबलावर ठेवून त्याखाली चौरंग किंवा उलटा डबा द्या. जिन्यावर मात्र हा प्रिझमचा चष्मा काढायलाच हवा, पायरी आहे तिथे दिसत नाही.

पापण्यांची उघडझापही या आजारात घटते. डोळा कोरडा पडून धूसर दिसतं आणि तेही नंबरावर ढकललं जातं. कृत्रिम अश्रू दिवसातून ४ वेळा देऊन आठवड्याने दृष्टी पुन्हा मोजा.

---

गावदवाखाना | मंगळवार, रात्री ८.१५

शहरात हे आजार वर्षांच्या हिशेबाने येतात. आमच्याकडे डोळे एका रात्रीत थांबतात, म्हणून लिहितो. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतं, उलटी होते. सात वाजता पापण्या पडायला लागतात, आठला दोन-दोन दिसतात, नऊला बुबुळं जागची हलत नाहीत, गिळता येत नाही. अंगावर चाव्याची खूण नाही. ही मण्यार समजा.

मण्यारीचा दंश जवळपास दुखत नाही आणि दात इतके बारीक की खूण सापडेलच असं नाही. 'साप दिसला का' याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून वाट बघणं सगळ्यांत महागात पडतं. विष नसेच्या टोकाशी काम करतं, स्नायूला संदेशच पोचत नाही. पापण्या आणि डोळ्यांचे स्नायू पहिले बळी, श्वासाचे शेवटचे.

सर्पदंशाची लस (प्रतिविष) १० कुप्या सलाइनमध्ये मिसळून तासाभरात. अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून उशाशी, कारण लसीची रिअ‍ॅक्शन कधीही येते. तासाभरात सुधारणा नाही किंवा वाढतच चाललंय, तर आणखी १०. मज्जासंस्थेवरच्या विषाला २० कुप्यांपलीकडे फायदा नाही, तिथून पुढे श्वास सांभाळणं हाच उपचार. निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत, त्याआधी अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेत, एकदा देऊन तासभर दर १० मिनिटांनी पापणी किती मिलिमीटर उघडते आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते लिहून ठेवा. नाग असेल तर फरक दिसतो. मण्यारीत बहुधा दिसत नाही, कारण तिचं विष नसेचं टोकच निकामी करतं, मग औषध कशावर काम करणार?

आता सर्वांत महत्त्वाचं. पूर्ण लुळा पडलेला, व्हेंटिलेटरवरचा मण्यारीचा रुग्ण मेंदू मृत झाल्यासारखा दिसतो. पापण्या उघडत नाहीत, डोळे हलत नाहीत, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न आकुंचणाऱ्याही असू शकतात. पण तो शुद्धीत असतो, आपलं सगळं बोलणं ऐकतो. आशा सोडल्याची भाषा त्याच्या उशाशी करू नका. काही दिवस यंत्रावर नीट सांभाळला तर चालत घरी जातो.

---

सांजवात | मंगळवार, रात्री ९.००

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. एक शंका: यात आणि अक्षिगोलक म्हणतात त्या मंद सॅकेडमध्ये पलंगाशी फरक कसा करायचा? आणि मायस्थेनियासारखी (नस आणि स्नायूच्या सांध्याचा, स्नायू दमवणारा आजार) बर्फाची परीक्षा इथे उपयोगाची आहे का?

---

राखाडी_गाभा | मंगळवार, रात्री ९.४५

@सांजवात, एससीए२ मध्ये डोळ्यांची पोच बराच काळ पूर्ण असते, फक्त वेग कमी. विषात आणि मायस्थेनियात पोचच कमी होते आणि पापणी पडते. मान फिरवून बघा: मेंदूतून येणारा हुकूम बंद असेल तर मान फिरवल्यावर डोळे चालतात, स्नायूला संदेशच पोचत नसेल तर चालत नाहीत.

मायस्थेनियाच्या उडीची एक गंमतीची खूण आहे. उडी वेगात सुरू होते आणि मध्येच दमते. पहिला झटका जोरदार, उरलेला प्रवास ढकलत. एससीए२ ची उडी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच संथ. आणि मायस्थेनियात बाहुली कधीच अडकत नाही. ती मोठी दिसली तर दुसरं काही शोधा: विष, बॉट्युलिझम (जंतूच्या विषाने येणारा लुळेपणा), मिलर फिशर (नसांचा आजार), किंवा एकाच बाजूला असेल तर धमनीचा फुगा, तिथे तातडीने सीटी अँजिओग्राफी.

बर्फाची परीक्षा: मिटलेल्या पापणीवर रुमालात गुंडाळलेला बर्फ २ मिनिटं, नंतर पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त उचलली गेली तर मायस्थेनियाची बाजू भक्कम. दुहेरी दिसण्यासाठी ५ मिनिटं ठेवावा लागतो. सर्पदंशात मात्र या परीक्षेवर निर्णय टांगून ठेवू नका, नागाच्या विषातही पापणी बर्फाने उचलली जाऊ शकते. तिथे वेळ लसीसाठी आहे.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ६.५०

अजून एक, जो तासांत सुधारतो आणि तासांत बिघडतो. तिसऱ्या महिन्यातली गरोदर बाई, चार आठवडे उलट्या, पोटात काही टिकत नाही. प्रत्येक वेळी डेक्स्ट्रोजची बाटली लागते, 'ताकद येईल' म्हणून. मग चालताना तोल जातो, दोन-दोन दिसतं, बोलण्यात गोंधळ. डोळे बाहेर जात नाहीत, बाजूला बघताना थरथरतात. हा वेर्निके, बी१ म्हणजे थायमिनची उपासमार. दारूचाच आजार म्हणून याची ओळख असल्याने गरोदर बाईत, वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा महिनाभर सलाइनवर काढलेल्या रुग्णात तो कुणाच्या मनातही येत नाही.

साखर जाळायला थायमिन लागतं. उरलेसुरले साठे डेक्स्ट्रोज संपवतं आणि बाटली चालू असतानाच रुग्ण ढासळतो. म्हणून आधी थायमिन, मग साखर. मात्रा मोठी लागते: ५०० मिलिग्रॅम १०० मिलि सलाइनमध्ये अर्ध्या तासात, दिवसातून ३ वेळा, २ ते ३ दिवस, मग रोज २५० मिलिग्रॅम, ३ ते ५ दिवस. बाटली पिवळी करणारं मल्टिव्हिटॅमिन इंजेक्शन म्हणजे हे नव्हे, त्यात थायमिन फार थोडं. गोळीही नको, उलटीच्या रुग्णात ती आतड्यातून पुरेशी शोषली जात नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन दिलं तरी काम करत नाही, ते तपासून भरून काढा.

रक्ताच्या रिपोर्टची वाट बघू नका. डोळ्यांची पोच काही तासांत ते दोन दिवसांत वाढायला लागते, आणि तेच निदानावर शिक्कामोर्तब असतं. बारीक थरथर आणि चालण्यातला डळमळीतपणा मात्र रेंगाळतो. उशीर झाला तर स्मृती जाते, ती बहुधा परत येत नाही.

---

बालकक्ष | बुधवार, दुपारी २.२०

सगळे कमी उड्यांवर बोलताहेत, मुलांत याच्या उलटंही होतं. दीड-दोन वर्षांचं मूल, डोळे सगळ्या दिशांना न थांबता उसळतात, झोपेतही. अंग झटके देतं, बसता येत नाही, चिडचिड अफाट. हे ऑप्सोक्लोनस. नेहमीच्या निस्टॅग्मसमध्ये (डोळ्यांच्या लयबद्ध थरथरीत) एक संथ आणि एक वेगवान फेरा असतो. इथे सगळ्या उड्याच, एकीतून दुसरी, मध्ये विसावा नाही. आकडीचं औषध देत बसण्यात आठवडे जातात. शोधायचा असतो न्यूरोब्लास्टोमा, मुलांतली कर्करोगाची गाठ: लघवीतलं व्हीएमए आणि एचव्हीए (गाठीतून येणारी रसायनं), छाती आणि पोटाचा एमआरआय, एमआयबीजी स्कॅन (अशी गाठ दाखवणारं). गाठ लहान असते, सोनोग्राफीत नाही दिसली म्हणून शोध थांबवू नये.

मोठ्यांत, ताप येऊन आठवडाभराने असे डोळे उसळायला लागले तर भारतात स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) आठवा. विदर्भातही तो आढळतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली शोधा, कपडे काढल्याशिवाय ती सापडत नाही. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा.

आणि मुलात आडव्या उड्या मंद किंवा बंद, उभ्या ठीक, सोबत मोठी प्लीहा: गोशे प्रकार ३, हाही पेशींत चरबी साठण्याचा आनुवंशिक आजार. मूल बाजूला बघताना मान झटकतं, घरचे त्याला 'सवय' म्हणतात.

---

कॅग_मोजणी | बुधवार, रात्री ९.३०

पुन्हा एससीए२ वर येतो, कारण चाचणीत पैसे वाया जाताना दिसतात. या आजारात जनुकातलं अक्षर बदलत नाही, सीएजी हे तीन अक्षरांचं कडवं पुन्हा पुन्हा येतं. नेहमी २२ च्या आसपास. ३१ पर्यंत निर्धोक, ३३-३४ ला आजार होईलच असं नाही, ३५ आणि पुढे होतोच. ही लांबी साध्या एक्झोम चाचणीत (जनुकांची अक्षरं वाचणाऱ्या) मोजली जात नाही. हजारो रुपये भरून 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट येतो आणि कुटुंब निश्चिंत होतं. मागवताना स्पष्ट लिहा: एससीए १, २, ३, ६, ७, १२ आणि फ्रिड्राइख (तोल जाण्याचा आणखी एक आनुवंशिक आजार) यांची रिपीट एक्स्पान्शन चाचणी, म्हणजे कडव्यांची वाढ मोजणारी. ३ मिलि रक्त, ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत.

डोळे बघून यादीतलं नाव आधीच पुढे-मागे करता येतं. अगदी मंद उड्या आणि थंड रिफ्लेक्स: २. बटबटीत डोळे आणि बाजूला बघताना थरथर: ३. उड्यांचा वेग ठीक पण खाली ओढणारा निस्टॅग्मस: ६. मंद उड्या आणि दृष्टीही जातेय, रंग ओळखता येत नाहीत: ७. या शेवटच्यात बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा आतला पडदा बघाच, नाहीतर तो २ म्हणून निसटतो. आणखी एक गमक: उड्या फार मंदावल्या की निस्टॅग्मस दिसेनासा होतो, कारण त्याचा वेगवान फेरा म्हणजेही उडीच. लाल-पांढरे पट्टे असलेलं कापड डोळ्यांसमोरून सरकवलं तर निरोगी डोळे पुढे-मागे होत राहतात, यांचे डोळे कापडाबरोबर जाऊन कोपऱ्यात अडकून बसतात.

कडवी जितकी जास्त तितका आजार लवकर आणि उड्या अधिक मंद. वडिलांकडून येताना ती जास्त वाढतात, म्हणून मुलात आजार बापापेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी दिसू शकतो. काही कुटुंबांत सीएजीच्या मध्ये सीएए घुसलेलं असतं, तिथे आजार पार्किन्सन्ससारखा दिसतो आणि लेव्होडोपाला (पार्किन्सन्सच्या औषधाला) दाद देतो.

---

तुळसवृंदावन | गुरुवार, सकाळी १०.१५

वैद्यकीय क्षेत्रातली नाही, तरी सगळं वाचलं. अशा कुटुंबातल्या १२ वर्षांच्या मुलाला काहीच त्रास नसेल तर त्याची रक्त चाचणी करावी का? आणि फ्रेम मोजून घरच्या घरी बघितलं तर?

---

कॅग_मोजणी | गुरुवार, दुपारी १२.४०

@तुळसवृंदावन, त्रास नसलेल्या अल्पवयीन मुलाची चाचणी करत नाहीत. आजार थांबवणारं औषध आज हातात नाही. रिलुझोल या औषधाची एससीए२ वर चाचणी झाली, फायदा दिसला नाही. उत्तर कळून मुलाचं काही टळत नाही, आणि एकदा कळलेलं परत विसरता येत नाही. १८ नंतर तो स्वतः ठरवेल, तेही जेनेटिक काउन्सेलरशी आधी बोलून. लग्नाचा, मुलांचा विचार असेल तर गर्भातली चाचणी कधी आणि कशी करता येते तेही तिथेच विचारता येईल.

फ्रेम मोजणं म्हणजेही चाचणीच. दोष असलेल्यांच्या उड्या तोल जायच्या कितीतरी आधीपासून मंदावू लागतात, म्हणून मोबाइलवर मोजलं तर रक्ताशिवायच अर्धं उत्तर बाहेर पडतं, आणि तेही चुकीचं निघू शकतं. मुलावर करू नका.

ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी आजच करण्यासारखं पुष्कळ आहे. तोलाचा व्यायाम रोज, फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला. न्हाणीघरात दोन्ही बाजूंना दांडे, रात्री पॅसेजमध्ये दिवा. पाणी पिताना ठसका लागायला लागला की गिळण्याची तपासणी. आणि रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना मान पूर्ण वळवून, थांबून बघायची सवय, कारण त्यांचे डोळे गाडीपर्यंत वेळेत पोचत नाहीत.